ब्लॅक अँड व्हाइट फोटोसाठी नवा प्रिंटर घ्यायचा का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कर्जमागणीचा विषय आहे. त्यात एका गटाचा अर्ज आलाय, फोटो प्रिंटर बदलून मोठा घेण्यासाठी. अध्यक्षताई मला म्हणाल्या, "शेळी कळते, शिलाई मशीन कळतं, पापडाचं मशीनही कळतं. या प्रिंटरचं काही कळत नाही, तर ठराव घ्यायच्या आधी तू जरा सांग." म्हणून उभी राहिले. अर्ज एका गटाचा असला, तरी झेरॉक्स-फोटोचं काम करणारे गट आपल्याकडे आणखी आहेत. त्यांनीही कान द्या.

या गटाचं दुकान ग्रामपंचायतीच्या शेजारी आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो. प्रिंटर चार टाक्यांचा आहे: काळी, निळी, गुलाबी, पिवळी. रंगीत फोटोला कुणाची तक्रार नाही. तक्रार येते ती ब्लॅक अँड व्हाइटला. काळापांढरा काढायला गेलं की चेहरा कधी हिरवट येतो, कधी जांभळट. एका घरी वडिलांचा फोटो दिला, तर मुलगा म्हणाला, "आमचे आण्णा असे आजारी दिसत नव्हते." फोटो परत आला, पैसेही परत द्यावे लागले. मशीन चालवणाऱ्या दोघी त्या दिवशी फार हिरमुसल्या. त्यातूनच हा अर्ज आलाय.

आता कुणी म्हणेल, आजच्या काळात ब्लॅक अँड व्हाइट कशाला हवं? तुम्हालाच विचारते, तुमच्या सासूबाईंचा किंवा आईचा एकटीचा, नीट बसून काढलेला फोटो घरात आहे का? हात वर करा. बघा, किती थोडे हात आहेत. लग्नातल्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा, रेशन कार्डावरचा पुसट चौकोन, नाहीतर आधार कार्डावरचा. आणि माणूस गेलं की त्याच अर्ध्या चेहऱ्यातून भिंतीवरचा फोटो करायचा असतो. त्या जुन्या फोटोचे रंग उडालेले असतात, मागे मांडवाचं लाल कापड असतं, अंगावर लग्नघरातली झगमग असते. ते सगळं काळ्यापांढऱ्यात शांत होतं आणि नुसता चेहरा उरतो. म्हणून लोक अजून मागतात. हे काम गटाकडे येतंय याचं मला फार मोल वाटतं, कारण गेलेल्या बाईचा चेहरा फोटोत शोधायला आलेली लेक तालुक्याच्या स्टुडिओपेक्षा आपल्या दुकानात मोकळेपणी बोलते.

तर चेहरा हिरवा का होतो? हे समजलं तरच पैसे कशावर घालायचे ते समजेल, म्हणून जरा सावकाश सांगते.

प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, पांढरं म्हणजे मोकळा कागद. काळं आणि पांढरं यांच्या मधली जी राखाडी असते, गालाची, केसांची, लुगड्याच्या घडीची, ती करायचे त्याच्याकडे दोन रस्ते आहेत. पहिला, काळ्या शाईचे थेंब विरळ टाकायचे. आपण रांगोळी चिमटीतून भुरभुरवतो तसं. दाट टाकली की गडद, विरळ टाकली की फिकट. पण विरळ रांगोळी जवळून पाहिली की कण कण दिसतात. तसंच गालावर, कपाळावर दाणे दिसतात. दुसरा रस्ता, निळी, गुलाबी आणि पिवळी अशा तिन्ही शाया सारख्या मिसळून राखाडी करायची. दाणे दिसत नाहीत, चेहरा मऊ येतो. पण त्या तिन्ही अगदी बरोबरीनं पडायला हव्यात. एक जरी जरा कमी पडली तर तोल गेलाच. गुलाबी कमी पडली की चेहरा हिरवट, पिवळी कमी पडली की निळसर-जांभळट. रंगीत फोटोत एवढा फरक साडीच्या रंगात लपून जातो. काळ्यापांढऱ्यात लपायला जागाच नसते.

यात आणखी एक गंमत आहे. शाई दोन जातीची असते. एक पाण्यात पूर्ण विरघळलेली, तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाची अगदी बारीक भुकटी असते, ती पिगमेंट. ऑफिसच्या कामासाठी निघालेल्या बऱ्याच चार टाक्यांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, कारण साध्या कागदावर तिची अक्षरं ठसठशीत येतात. पण चकचकीत फोटो कागदात ती मुरत नाही, वर बसून राहते आणि बोट लागलं की पसरते. म्हणून कागद 'ग्लॉसी' निवडला की असा प्रिंटर काळ्या टाकीला हात लावत नाही. सगळा काळा रंग त्या तिघींकडूनच करून घेतो. म्हणजे आपल्याला वाटतं काळ्या टाकीनं फोटो काढला, आणि ती तर घरीच बसलेली असते! शाईच्या बाटलीवर किंवा मशीनबरोबरच्या पुस्तिकेत काळी शाई कुठल्या जातीची ते लिहिलेलं असतं. आज जाऊन वाचा.

म्हणजे दोष दोन जागी असू शकतो. थोडा मशीनच्या जातीत, थोडा आपल्या वापरात. वापरातला दोष बिनकर्जाचा जातो. म्हणून अर्जावर सही व्हायच्या आधी त्या दोघींनी काही प्रयोग करावेत असं मी सुचवलंय. एकच चेहरा घ्यायचा आणि त्याच्या चार प्रिंट काढायच्या.

पहिल्यांदा नोझल चेक काढा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ते असतं. चार रंगांच्या रेघांची जाळी छापून येते. एखाद्या रंगाची रेघ तुटकी असेल, तर तोच रंग कमी पडतोय. हेड क्लीनिंग करा, पण लागोपाठ पाच-सहा वेळा नको, त्यात शाई वाया जाते. एकदा-दोनदा करून फरक पडला नाही तर मशीन काही तास तसंच राहू द्या आणि मग परत बघा.

मग पहिली प्रिंट नेहमीच्या पद्धतीनं काढा. दुसरी काढताना कागदाचा प्रकार नीट निवडा. ट्रेमध्ये ग्लॉसी कागद आणि सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर', हे आपल्या बऱ्याच दुकानांत चालतं, कारण झेरॉक्सचं सेटिंग तसंच राहून जातं. तिसरी काढताना 'ग्रेस्केल'वर टिक करून बघा. चौथी मॅट फोटो कागदावर, मॅटचं सेटिंग लावून काढा. मॅट कागदावर काळी पिगमेंट शाई चालते, त्यामुळे बरेच प्रिंटर तिथं खऱ्या काळ्या टाकीचा वापर करतात. काचेच्या फ्रेममध्ये घातल्यावर कागद चकचकीत आहे की मॅट हे तसंही फारसं कळत नाही. मॅट कागदानं काम भागलं, तर या अर्जातलं अर्धं दुखणं तिथंच संपेल.

प्रत्येकीच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा, कुठली कशी काढली. नंतर सगळ्या उन्हात न धरता खिडकीशी धरून बघा, आणि रात्री दुकानातल्या ट्यूबखाली परत बघा. तीन शायांनी केलेली राखाडी दिवसा ठीक वाटते आणि ट्यूबखाली हिरवी दिसते, असं होतं. फोटो लागणार घराच्या भिंतीवर, त्यामुळे तिथल्या उजेडात तो कसा दिसतो हे महत्त्वाचं.

शाई कुठली भरता, हाही प्रश्न आहे. मूळ कंपनीची बाटली महाग म्हणून एखादा रंग बाजारातल्या सुट्या शाईचा भरला, की तोल बिघडतो. कागदाचंही तसंच. दर वेळी मिळेल त्या पाकिटातला कागद आणला तर दर वेळी छटा बदलणार.

आणि एक साधी युक्ती. अगदी शुद्ध काळंपांढरं जमत नसेल तर थोडी तपकिरी छटा मुद्दाम द्या. जुन्या फोटोंना ती असतेच, त्यामुळे डोळ्याला ती खटकत नाही. मात्र आधी गिऱ्हाइकाला दाखवून, विचारून.

फोटो दुकानात येतो कसा, तेही बघा. बहुतेक वेळा जुन्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तो दाबून दाबून लहान झालेला असतो. त्यावर दहा शायांचं मशीन आणलं तरी चेहरा धुरकटच येणार. मूळ फोटो घेऊन यायला सांगा, काच पुसून स्कॅनरवर ठेवा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ आणता येत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

चेहरा साफ करणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचंय. एका आजीचा फोटो अ‍ॅपमधून काढला, तर कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. सुरकुत्या गेल्या, डोळे दुसऱ्याच कुणाचे झाले. सून म्हणाली, बाई छान आहे, पण आमची नाही. अशा अ‍ॅपनं फाटलेला कोपरा, चुण्या, पाण्याचे डाग काढा. चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

आता दुसरी बाजू. हे सगळं करूनही मनासारखं येत नाही असं झालं, तर कुठलं मशीन? दुकानदार म्हणतो "सहा रंगांचं घ्या." सहा रंग म्हणजे कुठले सहा, हे विचारायचं. एप्सन एल ८०५० सारख्या मशीनमध्ये नेहमीच्या चारांबरोबर फिकी निळी आणि फिकी गुलाबी असते. त्यानं रंगीत फोटोतली कातडी मऊ येते, लग्नाचे फोटो सुंदर होतात. पण राखाडी शाई त्यात नाही. एप्सन एल ८१६० किंवा कॅनन जी ५७० यांच्या सहा टाक्यांत एक टाकी खरोखरच्या राखाडी शाईची असते. रांगोळीचं उदाहरण आठवा. हातात राखाडी रांगोळीच असली तर काळी विरळ भुरभुरवायची गरजच नाही, आणि तीन रंग मिसळायची गरजही बरीच कमी होते. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट हेच कारण असेल तर राखाडी टाकी बघायची. अर्जाला जे कोटेशन जोडलंय ते फिक्या निळ्या-गुलाबीच्या मशीनचं आहे. म्हणजे कर्ज घेऊन, हप्ता भरून, चेहरा परत हिरवाच. याच्याही वर आठ-दहा शायांची मशीन असतात, दोन-दोन राखाड्यांची. ती प्रदर्शनाचे फोटो छापणाऱ्यांची. आपल्या दुकानाला त्यांचं काम नाही.

मोठ्या मशीनचं खाणंही मोठं असतं. सहा टाक्या म्हणजे सहा बाटल्या, आणि आठ-आठ दिवस प्रिंट काढली नाही तर हेडमध्ये शाई सुकते. मग साफसफाईतच शाई जाते. लाइट जायच्या वेळा ठरलेल्या असतील तर त्याआधी मशीन बटणानंच बंद करायचं. भिंतीवरचा स्विच खटकन बंद केला किंवा मध्येच लाइट गेली तर हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जात नाही, उघडंच सुकतं.

आता हिशेब. हे आकडे समजण्यापुरते आहेत, खरे आकडे कोटेशनवरचे आणि तुमच्या रजिस्टरमधले घाला. समजा मशीन ३६,००० रुपयांचं. २४ महिन्यांची परतफेड, म्हणजे मुद्दल महिन्याला १,५००. व्याज महिना एक टक्का धरलं तर पहिल्या महिन्याचं ३६०. पहिला हप्ता १,८६०. एका ए-४ फोटोमागे कागद-शाई वजा जाता समजा ६० रुपये सुटतात. १,८६० भागिले ६० म्हणजे ३१ फोटो. महिन्याला एकतीस. रोज एक.

दुकान चालवणाऱ्या ताई लगेच म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात तर चाळीस होतात." होत असतील. पण पंधरवडा वर्षातून एकदाच, हप्ता बारा वेळा.

आणि यात एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. सगळे फोटो नव्या मशीनच्या खात्यावर धरायचे नाहीत. जे फोटो जुन्या प्रिंटरवरही झाले असते, त्यांचे पैसे आजही मिळतातच. नव्या मशीनच्या खात्यावर फक्त तेवढेच, जे जुन्यामुळे परत आले किंवा आलेच नाहीत. समजा महिन्याला वीस ब्लॅक अँड व्हाइट फोटोंची विचारणा होते आणि त्यातले आठ हातचे जातात. आठ गुणिले साठ, ४८०. उरलेले १,३८० पासपोर्ट फोटोंच्या कमाईतून जाणार. त्या कमाईतून आज दोघींचं मानधन निघतंय.

म्हणून रजिस्टर. आपल्या पंचसूत्रीत 'नियमित लेखे' म्हणतो ते हेच. तीन महिने एका वहीत लिहायचं: तारीख, कुठला फोटो, केवढा आकार, दिला की परत आला, आणि परत आला तर का. विचारून परत गेलेली गिऱ्हाइकंही लिहायची, त्यांचीच संख्या सगळ्यात कामाची. आकार लिहायचाय तो यासाठी, की मोठ्या फ्रेमचा फोटो ए-४ मशीनवर निघतच नाही, मग ते कितीही शायांचं असो.

तोवर गिऱ्हाइकांना परत पाठवायचं का? नाही. स्कॅन करणं, फाटलेलं नीट करणं, लग्नातल्या घोळक्यातून चेहरा वेगळा काढणं, हे खरं कसब आहे आणि ते या दोघींना येतंय. फक्त छपाई तालुक्याच्या लॅबमधून करून आणता येईल. नफा थोडा वाटला जाईल, पण फ्रेमचे पैसे आपलेच, आणि माझ्या पाहण्यात फ्रेमवर प्रिंटपेक्षा जास्त सुटतं. अडचण एकच, वेळ. तेराव्याला फोटो लागतो तो तेराव्यालाच लागतो. म्हणून ऑर्डर घेतानाच तिथी विचारायची आणि दोन दिवस हाताशी ठेवायचे.

एका काकूंनी मघाशी हळूच विचारलं, "बायकांना हे जमंल का गं, शाई-बिईचं?" काकू, होमाई व्यारावाला नावाच्या बाई होत्या, १९१३ साली जन्मलेल्या. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांना ओळखतात. मुंबईत शिकल्या, पुढं दिल्लीत काम केलं, गांधी-नेहरूंच्या काळाचे फोटो काढले, आणि ते ब्लॅक अँड व्हाइटच. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि आपल्या या दोघी गेल्या वर्षी माउस धरायला शिकल्या, आज घोळक्यातून चेहरा वेगळा काढतात.

शेवटचा मुद्दा, कर्ज कुणाचं. मशीन दोघी चालवतात, पण कर्ज गटाच्या नावावर येणार, म्हणजे हप्त्याला दहाही जणी बांधलेल्या. अर्जावर दहा सह्या आहेत. मी गटाच्या बैठकीला गेले तेव्हा तिघींना मशीन कशासाठी बदलायचंय तेच माहीत नव्हतं. एकीनं सांगितलं, "मालक म्हणाले सही कर." हे मला पटलेलं नाही, आणि गटालाही मी तसं सांगितलंय. दहा जणींनी बसून, त्या चार प्रिंट हातात घेऊन, हप्त्याचा आकडा मोठ्यानं वाचून ठराव करावा. मशीन चालवणाऱ्या दोघींचं मानधन हप्त्यामुळे कमी होणार असेल, तर तेही ठरावात लिहावं. पुढं एखादीनं काम सोडलं तर मशीन कोण चालवणार, तेही लिहावं.

माझं मत विचाराल तर, या महिन्यात हे कर्ज देऊ नये. अर्ज फेटाळूही नये, तीन महिने पुढं ठेवावा. कोटेशन बदलून राखाडी टाकीच्या मशीनचं आणावं. नोझल आणि मॅट कागदानं भागलं तर अर्ज मागं घ्यावा. आणि वहीत हातची जाणारी गिऱ्हाइकं खरंच महिन्याला पंचवीस-तीस निघाली, तर मी स्वतः या अर्जाच्या बाजूनं बोलेन, आणि दुकानावर नवी पाटी लावायला येईन.

ज्यांच्या घरी गटाकडून घेतलेले फोटो आधीच लागलेत त्यांच्यासाठी एक. डाय शाईचा फोटो उन्हानं लवकर उडतो, आणि तीन शायांतली एखादी आधी उडते, मग वर्षभरानं चेहऱ्याला रंग चढतो. दारासमोरच्या उन्हातल्या भिंतीवर नको, काचेशिवाय नको. आणि त्याची स्कॅन केलेली फाइल गटानं पेनड्राइव्हवर नावानिशी जपून ठेवा. पुन्हा छापायची वेळ आली तर घरच्यांना जुना फोटो परत शोधत बसायला नको.

पुढच्या सभेला त्या चार प्रिंट घेऊन या, मागे पेन्सिलनं लिहिलेल्या. इथं या खिडकीशी मांडू. कुठली चांगली ते बाकीच्या ताई मागचं न वाचता सांगतील.